प्रोजेक्टची आठवण शेवटच्या दिवशी नको

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी पोरांना शिकवतो, म्हणून पोटतिडकीनं लिहितोय. प्रोजेक्ट वेळेत न देणारं प्रत्येक पोर आळशी नसतं. जुलैत इकडं भाताची रोप लावणी असते, अख्खं घर चिखलात. जांबोटी-कणकुंबीकडं पावसानं धरलं की लाईट जाते, मागोमाग रेंजही. घरात मोबाईल एकच, तो वडिलांच्या खिशात आणि वडील बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यात कामाला. व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी टाकलेली तारीख संध्याकाळपर्यंत वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि कन्नड परिपत्रकांखाली गाडली जाते.

माझं मत ठाम आहे. आठवी-नववीपासून मुलाचा स्वतःचा ईमेल असावा आणि प्रोजेक्टची आठवण त्यावर मराठीत, टप्प्याटप्प्यानं जावी. "उद्या प्रोजेक्ट जमा करणे" हा मेल निरुपयोगी आहे. तो वाचून पोरगं झेरॉक्सच्या दुकानात पळतं आणि नेटवरची चार पानं छापून आणतं. त्यापेक्षा पंधरा दिवस आधी लिहा, "शनिवारपर्यंत आजोबांना विचारून गावातल्या जुन्या विहिरींची यादी कर." पुढच्या मेलमध्ये नकाशा, त्यापुढच्यात लिखाण. एका मेलला एकच काम.

"एवढी आठवण केली तर पोरं लाडावतील" हे मला अजिबात पटत नाही. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका अभ्यासात, पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पुरा होईल ते विचारलं होतं. त्यांचा सरासरी अंदाज 34 दिवसांचा, प्रत्यक्षात लागले 55 च्या वर. कॉलेजात शिकणाऱ्यांचा हिशेब इतका चुकतो, तर चौदा वर्षांच्या पोराकडून काय अपेक्षा धरायची?

आणि गुण थोडे नाहीत. आपल्या कर्नाटक बोर्डात दहावीला बहुतेक विषयांत 100 पैकी 20, प्रथम भाषेला 125 पैकी 25 गुण शाळेच्या हातात असतात. लेखी परीक्षेत घाबरणाऱ्या मुलाला तेवढाच आधार.

ईमेल का? तो वाहून जात नाही, वडील रात्री घरी आल्यावरही जागेवर सापडतो. गुगल क्लासरूम मुदतीआधी आपोआप आठवण पाठवतं. ते नसेल तर जीमेलमध्ये 2019 पासून मेल आधी लिहून पुढच्या तारखेला पाठवायची सोय आहे. शिक्षकानं एकदा बसून सगळ्या टप्प्यांचे मेल लावून ठेवावेत. दहावीत गेल्यावर हेच मेल पोरांनी स्वतःला लावावेत. मेल उघडायची सवय मात्र आपणच लावायची. शनिवारी सकाळच्या शाळेत कॉम्प्युटरवर पाच-पाच मिनिटं द्या. ज्याच्या घरी फोनच नाही, त्याचा तो एकमेव मार्ग आहे.

पालकांना एक विनंती. स्कॉलरशिपचा फॉर्म भरताना सायबरवाल्यानं काढलेला ईमेल असतो, त्याचा पासवर्ड ना पोराला माहीत ना तुम्हाला. तो आज शोधा. सापडला नाही, तर सोमवारी मुलाबरोबर फोन घेऊन शाळेत या, नवा काढून देऊ.