‘पान पिवळं दिसलं की बाविस्टीन मारा’ : हा मेसेज पुढे पाठवू नका

पाऊस सुरू झाला की शेतकऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो: ‘काकडी, दोडका, कारल्याच्या पानावर पिवळे-पांढरे डाग म्हणजे बुरशी. तपासत बसू नका, बाविस्टीन आणि गंधक एकत्र फवारा, तीन दिवसांत वेल हिरवागार.’ यामुळे पैसाही जातो आणि प्लॉटही.

‘डाग म्हणजे बुरशी.’ असे डाग बहुधा दोन रोगांचे: केवडा (डाउनी मिल्ड्यू) आणि भुरी (पावडरी मिल्ड्यू). त्यातला केवड्याचा जीव खरी बुरशी नाहीच. तो शेवाळाच्या गोतावळ्यातला. खऱ्या बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन नावाचा कडक पदार्थ असतो, याच्या भित्तिकेत त्याऐवजी सेल्युलोज आणि तत्सम ग्लुकन. त्याचे बीजाणू पानावरच्या पाण्यात अक्षरशः पोहतात आणि पर्णरंध्रांतून आत शिरतात. म्हणून पाऊस, दव, रात्रभर ओलं राहिलेलं पान हेच त्याचं बळ. भुरीला असं साचलेलं पाणी लागत नाही.

‘बाविस्टीन आणि गंधक.’ बाविस्टीन म्हणजे कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक. ते केवड्यावर चालत नाही. गंधक भुरीवर उत्तम, केवड्यावर नाही. शिवाय कडक उन्हात काकडीवर्गीय पानं त्याने करपतात. हेक्झाकोनॅझोलसारखी दुसरी बुरशीनाशकं स्टेरॉल (बुरशीच्या पेशीपडद्याला लागणारा स्निग्ध पदार्थ) तयार होण्यावर घाव घालतात, आणि केवड्याचा जीव स्वतःचं स्टेरॉल बनवतच नाही. मग ते औषध काम करणार कुठे?

‘तपासत बसू नका.’ माझा सगळ्यात जास्त राग या वाक्यावर आहे, कारण तपासायला खर्च शून्य. सकाळी दव असताना पान उलटा. वरून पिवळा, शिरांनी चौकटीत अडवलेला कोनी डाग आणि बरोबर त्याच्या खाली करडी-जांभळट लव दिसली, तर केवडा. पिठासारखी पांढरी भुकटी बोटाने पुसली जात असेल, तर भुरी. डाग कोनीच, पण लव नाही, ओलसर कडा, सुकून भोक पडलेलं, तर जिवाणूजन्य ठिपक्याचा संशय घ्या. दुपारी बघाल तर लव विरळ झालेली असते. शंका असेल तर डागाळलेलं पान ओल्या कागदासोबत पिशवीत घालून रात्रभर अंधारात ठेवा. केवडा असेल तर सकाळी लव बहुधा उमटतेच.

(मूग, सोयाबीनच्या ‘पिवळ्या केवड्या’शी याचा संबंध नाही. तो पांढऱ्या माशीने पसरणारा विषाणू.)

‘तीन दिवसांत हिरवा.’ मेलेला डाग कोणत्याही औषधाने हिरवा होत नाही. औषध लागू पडलं का ते नवीन पानांवर बघा. केवड्यावर मॅन्कोझेब हे बुरशीनाशक डाग येण्याआधी चालतं, तेही पानाच्या खालच्या बाजूला पोचलं तरच. नोझल खालून वर धरा.