अणू आणि आवर्तसारणी काढून टाका म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

सोलापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. साखर पेठेतल्या पालकांकडून तो आला, जुळे सोलापुरातून आला, सांगोल्याच्या एका माजी विद्यार्थ्यानेही ‘बाई, हे खरं का?’ असं विचारत पाठवला. त्या मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं. एनसीईआरटीने (केंद्राची शालेय पुस्तकं बनवणाऱ्या संस्थेने) दहावीतून आवर्तसारणी (मूलद्रव्यांचा तक्ता) काढली, म्हणजे ती निरुपयोगी आहे हे सरकारलाच पटलं. अणू कुणी पाहिलेला नाही, शास्त्रज्ञ त्याचं चित्र सारखं बदलत असतात. ११८ मूलद्रव्यं पाठ करून पोरांची डोकी शिणतात. अणू कणादांनी आधीच सांगितला होता, मग डाल्टन कशाला? आणि चादरीच्या कारखान्यात किंवा डाळिंबाच्या बागेत राबणाऱ्या पोराला याचा उपयोग काय? तेव्हा सातवी-आठवीतून हे धडे काढा आणि काहीतरी व्यवहारातलं शिकवा.

मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. यातली एकच तक्रार मला अर्धीमुर्धी मान्य आहे. बाकीचं खोडून काढणं गरजेचं आहे, कारण या मजकुराच्या नादाने काही पालक मुलांना ‘तो धडा सोड’ असं सांगू लागले आहेत.

एनसीईआरटीची गोष्ट अर्धवट सांगितली आहे. करोनानंतर अभ्यासाचा भार कमी करायचा म्हणून त्यांनी दहावीच्या पुस्तकातून आवर्ती वर्गीकरणाचं प्रकरण वगळलं, हे खरं. २०२३ मध्ये त्यावर देशभर गदारोळ झाला तेव्हा त्यांचं स्पष्टीकरण असं होतं, की हा विषय अकरावीच्या रसायनशास्त्रात आहेच. निरुपयोगी आहे असं कुणीही म्हटलेलं नाही. नववीच्या पुस्तकातले अणू-रेणूंचे आणि अणूच्या रचनेचे धडे तर त्यांनी तसेच ठेवले. शिवाय आपली बहुतेक मुलं राज्य मंडळाची. बालभारतीच्या दहावीच्या पुस्तकात ‘मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण’ हा दुसऱ्या क्रमांकाचाच धडा आहे आणि आठवीत ‘अणूचे अंतरंग’ आहे. एनसीईआरटीचा तो निर्णय मला स्वतःला चुकीचा वाटतो, कारण दहावीनंतर कॉमर्स, आर्ट्स किंवा आयटीआयला जाणाऱ्या मुलाला अकरावीचं रसायनशास्त्र कधी भेटतच नाही. त्याच्यासाठी शाळा हीच शेवटची संधी.

अणू कुणी पाहिलेला नाही, हे विधान चाळीस वर्षं शिळं आहे. १९८१ मध्ये आयबीएम कंपनीच्या झुरिकमधल्या प्रयोगशाळेत बिनिग आणि रोहरर यांनी एक सूक्ष्मदर्शक बनवला. अतिशय बारीक टोकाची सुई पृष्ठभागाच्या अगदी जवळून फिरवत तो एकेका अणूचा उंचवटा टिपतो. त्यासाठी १९८६ साली त्यांना नोबेल मिळालं. १९८९ मध्ये तसल्याच सुईने झेनॉनचे ३५ अणू एकेक करून सरकवून त्याच कंपनीच्या नावाची अक्षरं मांडली गेली. जे एकेक करून हलवता येतं त्याला अंदाज म्हणत नाहीत.

चित्र बदलतं हे मात्र खरं. डाल्टनने अणू अविभाज्य मानला. १८९७ मध्ये थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला. १९११ मध्ये रदरफर्डने केंद्रक मांडलं, १९१३ मध्ये बोरने कक्षा, १९३२ मध्ये चॅडविकने न्यूट्रॉन. पण यातल्या प्रत्येक बदलाला प्रयोगाचं कारण आहे. सोन्याच्या पातळ पत्र्यावर अल्फा कण सोडले तेव्हा बहुतेक आरपार गेले आणि मोजके थेट माघारी फिरले. थॉमसनच्या चित्रात धनप्रभार अणूभर सारखा पसरलेला होता, त्यात माघारी फिरणाऱ्यांचा हिशेब बसेना, म्हणून चित्र बदलावं लागलं. आधी मोजलेलं काही वाया गेलं नाही. पाण्यात वजनाने १ भाग हायड्रोजनला ८ भाग ऑक्सिजन असतो, तो कालही होता आणि आजही आहे. आठवीच्या वर्गात ही बदलांची साखळी मी मुद्दाम सावकाश शिकवते. पुरावा पुढे आला की मोठ्या माणसाचं म्हणणंही बाजूला ठेवावं लागतं, हे मुलांना दुसऱ्या कुठल्या तासाला इतकं उघड दिसत नाही.

आता पाठांतर. ही ती अर्धी मान्य तक्रार. ओळीने नावं घोकून घेणारे क्लास आहेत, आणि त्यात मुलाच्या हाती काही लागत नाही. पण तसं घोकायला पुस्तकाने सांगितलेलं नाही. इलेक्ट्रॉन संरूपण (कुठल्या कवचात किती इलेक्ट्रॉन, ती मांडणी) आम्ही पहिल्या २० मूलद्रव्यांचंच करून घेतो. बाकी तक्ता समोर ठेवून वाचायचा असतो. तो पाठ करण्यासाठी बनलेलाच नव्हता. १८६९ मध्ये मेंडेलीव्हपुढे ६३ मूलद्रव्यं होती. अणुवस्तुमानाच्या चढत्या क्रमाने ती मांडताना, सारख्या गुणधर्मांची एकाखाली एक यावीत म्हणून त्याने काही घरं चक्क मोकळी सोडली आणि त्या घरांत कोण येईल त्याचं वर्णनही करून ठेवलं. ॲल्युमिनिअमच्या खालच्या मोकळ्या घरातल्या धातूची घनता ५.९ असेल, हा त्याचा हिशेब होता. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये बोआबोद्राँला गॅलिअम सापडला. त्याने घनता मोजली ती ४.७ भरली. मेंडेलीव्हने तो धातू डोळ्यांनी पाहिलेला नव्हता, तरी त्याने कळवलं की पुन्हा मोजा. नमुना अधिक शुद्ध करून मोजला आणि ५.९ आली! १८८६ मध्ये सापडलेल्या जर्मेनिअमचंही तेच. वर्तवलेलं अणुवस्तुमान ७२, प्रत्यक्षातलं ७२.६.

हाच गॅलिअम २९.८ अंश सेल्सिअसला वितळतो. म्हणजे सोलापूरच्या एप्रिलमध्ये तो कपाटातल्या बाटलीतही द्रव होऊन राहील. हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा तक्त्यात त्याचं घर शोधू लागतात. वर्गात मी पुठ्ठ्याची कार्डं करते, प्रत्येकावर एका मूलद्रव्याचे गुणधर्म लिहिते आणि एक कार्ड लपवून ठेवते. शेजारच्या चार कार्डांवरून लपवलेलं कार्ड कसं असेल ते मुलांनी लिहायचं. पाठांतराची एक ओळ न घोकता बरीच मुलं अगदी जवळ पोचतात.

कणादांबद्दल आदर ठेवूनच बोलायला हवं. त्यांच्या वैशेषिक परंपरेने परमाणूचा विचार फार खोलवर केला. पदार्थाचे तुकडे अनंत वेळा करता आले असते तर मेरू पर्वत आणि मोहरीचा दाणा यांत फरक उरला नसता, हा त्या परंपरेतला युक्तिवाद मी वर्गात सांगते आणि मुलांना तो भारी आवडतो. पण त्यांचे परमाणू पृथ्वी, आप, तेज आणि वायू या चार जातींचे. तर्काने ते इथवर आले. डाल्टनने १८०३ च्या सुमारास केलं ते वेगळं काम: त्याने अणूंना तुलनात्मक वजनं दिली. १२ ग्रॅम कार्बनशी १६ ग्रॅम ऑक्सिजन जोडला तर एक वायू, ३२ ग्रॅम जोडला तर दुसरा, मधलं काही नाही. हे अणू मोजूनच जोडले जातात म्हणून घडतं. डाल्टनही चुकला. पाण्याच्या कणात त्याने हायड्रोजनचा एकच अणू धरला आणि पुढच्या लोकांनी ते दुरुस्त केलं. कणादांना मान द्यायचा म्हणून डाल्टनला धड्यातून काढावं लागत नाही.

राहिला उपयोग. हा प्रश्न सोलापूर जिल्ह्यात विचारावा याचं मला वाईट वाटतं. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्या केगावात आहे, आणि सांगोल्या-मंगळवेढ्याकडच्या बागायतदाराला बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक सांगावं लागत नाही. एक टक्क्याचं करायचं तर १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि १ किलो कळीचा चुना. फवारणीआधी जाणता शेतकरी त्यात लोखंडी विळा किंवा खिळा मिनिटभर बुडवतो. तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, अजून घालायचा. नाहीतर कोवळी पानं करपतात. लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील असल्यामुळे ते मोकळ्या तांब्याला द्रावणाबाहेर काढून स्वतः त्याची जागा घेतं. पुरेसा चुना असेल तर तांबं आधीच त्यात अडकलेलं असतं आणि विळा स्वच्छ बाहेर येतो. मोरचुदाच्या द्रावणात खिळा बुडवायचा शाळेतला प्रयोग हाच. त्या १ किलो मोरचुदात तांबं साधारण २५५ ग्रॅम असतं आणि जवळपास ३६० ग्रॅम तर पाणीच असतं. अणुवस्तुमानं माहीत असलेल्या मुलाला हे कागदावर काढता येतं.

कारखान्यांचंही तसंच. अक्कलकोट रोडवर टॉवेल-चादरीचं सूत रंगवणाऱ्यांना विचारा, बोअरचं जड पाणी वापरलं की रंग एकसारखा का बसत नाही. त्या पाण्यात कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअम असतं, दोन्ही तक्त्याच्या एकाच गणातली, म्हणजे एकाच उभ्या स्तंभातली. पाणी मृदू करायच्या यंत्रात ती धरून ठेवली जातात आणि त्यांच्या बदल्यात सोडिअम सुटतं. म्हणून त्या यंत्राला अधूनमधून मिठाची पोती लागतात.

युरियाचं पोतं तर घरोघरी. युरियाच्या एका रेणूत कार्बन १२, ऑक्सिजन १६, नायट्रोजनचे दोन अणू मिळून २८ आणि हायड्रोजनचे चार मिळून ४, एकूण ६०. २८ ला ६० ने भागलं की टक्केवारी ४६.६७ येते आणि पोत्यावर नत्र (नायट्रोजन) ४६ टक्के छापलेलं असतं. ४५ किलोच्या पोत्यात नत्र किती, हे माझ्याकडे आठवीची मुलं वहीत सोडवतात: २०.७ किलो. डीएपी खताच्या पोत्यावरचं नत्र आणि स्फुरद (फॉस्फरस) यांचं १८:४६ मात्र असं सरळ सुटत नाही. त्यातले ४६ हे शुद्ध स्फुरदाचे नसून त्याच्या ऑक्साइडचे असतात, खरं स्फुरद २० टक्क्यांच्या आसपास निघतं. ते गणित मी नववीसाठी राखून ठेवते, ‘द्रव्याचे मोजमाप’ हा धडा तिथे आहे.