सात दिवस धावलं नाही म्हणून तयारी वाया जात नाही

दिवाळी जवळ आली की धावणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरू लागतो. सात दिवस धावणं थांबलं तर तीन महिन्यांची तयारी वाया जाते, म्हणून सुट्टीतला ठरलेला एकही किलोमीटर सोडू नका आणि सुटलाच तर परतल्यावर भरून काढा. कोकणात असाल तर वाळूवर अनवाणी धावा, दुप्पट फायदा होतो. महाबळेश्वरला असाल तर आठवड्यात दम वाढतो. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करणारी माणसं हे मनावर घेतात आणि भाऊबीजेला बहीण ताट घेऊन खोळंबलेली असताना रस्त्यावर किलोमीटर मोजत राहतात. मला हे फार वाईट वाटतं, कारण यातलं जवळपास काहीच खरं नाही.

आधी ते सात दिवस. १९८४ साली व्यायामशास्त्राचे संशोधक एडवर्ड कॉइल आणि सहकाऱ्यांनी मुरलेल्या खेळाडूंचा सराव ८४ दिवस पूर्ण बंद ठेवून मोजमापं घेतली. पहिल्या तीन आठवड्यांत त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता, म्हणजे व्हीओटू मॅक्स, सुमारे ७ टक्क्यांनी उतरली. आठ आठवड्यांनी ही घट १६ टक्क्यांवर जाऊन थांबली. स्नायूंमधलं केशवाहिन्यांचं जाळं तर ८४ दिवसांनंतरही तसंच होतं. तीन आठवडे काहीच न करता जर एवढंच जात असेल, तर एका आठवड्यात तीन महिने कुठून जातील? परतल्यावर पाय जड वाटतात, धाप लवकर लागते, हे खरं. त्याचं एक मोठं कारण म्हणजे रक्तातला द्रवभाग कमी झालेला असतो, आणि सराव सुरू केला की तो काही दिवसांत भरून येतो. शिवाय शर्यतीआधीच्या दोन-तीन आठवड्यांत हीच मंडळी कोचच्या सांगण्यावरून अंतर जवळजवळ निम्म्यावर आणतात. तेव्हा तयारी वाया गेल्याची ओरड कोणी करत नाही.

‘एकही किलोमीटर सोडू नका’ याला संशोधक रॉबर्ट हिक्सन यांच्या १९८०च्या दशकातल्या प्रयोगांनी चोख उत्तर दिलेलं आहे. त्यांनी लोकांकडून दहा आठवडे, आठवड्यातले सहा दिवस, रोज ४० मिनिटं जोरकस व्यायाम करून घेतला आणि नंतर तो १५ आठवडे कमी केला. काहींचे दिवस चार किंवा दोनवर आणले, काहींची मिनिटं २६ किंवा १३ वर. दोन्ही बाबतींत व्हीओटू मॅक्स टिकला. जोर कमी केला तेव्हा मात्र तो घसरला. म्हणजे सुट्टीत जपायचा तो जोर, अंतर नव्हे. ती माणसं कसलेले मॅरेथॉनपटू नव्हती, आणि १३ मिनिटांच्या गटाची दीर्घकाळ तग धरण्याची ताकद घटली होती, हेही सांगायला हवं. म्हणून लाँग रन, म्हणजे आठवड्यातली रविवारची सर्वांत लांब धाव, महिनोन् महिने टाळता येत नाही. पण दिवाळीपासून शर्यतीपर्यंत दोन-तीन महिने हातात असतात. एक रविवार गेला तर जाऊ द्या.

आठवड्यात दोनदा धावलात तरी पुरे. एकदा दहा मिनिटं सावकाश, मग तीन-तीन मिनिटांचे चार-पाच जोरदार टप्पे, मधे दोन मिनिटं हळू. दुसऱ्यांदा पाऊण तास गप्पा मारता येतील अशा वेगात. गावाकडे घड्याळातल्या पेसकडे, म्हणजे किलोमीटरला किती वेळ लागला त्याकडे, पाहू नका, चढ आणि ऑक्टोबरचं ऊन त्याचा पार घोळ करतात. अभ्यंगस्नानाच्या दिवशी तर धावायला जाऊच नका.

वाळूचा मुद्दा जास्त घातक आहे, कारण त्यात अर्धं सत्य आहे. सुक्या वाळूवर धावायला कडक जमिनीच्या सुमारे १.६ पट ऊर्जा लागते, हे मोजलेलं आहे. पण जास्त दमणं म्हणजे जास्त फायदा नव्हे. टाच खोल रुतते, पोटऱ्या आणि टाचेमागची शीर (अकिलीस टेंडन) सवयीपेक्षा जास्त ताणली जाते. वर्षभर बूट घालून डांबरावर धावलेला माणूस पहिल्याच सकाळी अनवाणी दहा किलोमीटर गेला, तर दुखणं घरी घेऊनच येईल. शिवाय किनाऱ्याला समुद्राकडे उतार असतो, एक पाय सतत खाली पडतो. गुहागरला किंवा दिवेआगरला धावायचंच असेल तर ओहोटीला जा, ओली वाळू टणक असते. बूट घाला आणि पंधरा-वीस मिनिटांत थांबा. ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा आदल्या संध्याकाळी गावातल्या कोळ्यांना विचारून ठेवा.

महाबळेश्वरबद्दल थोडक्यात. त्याची उंची १४०० मीटरच्या आतबाहेर आहे. उंचीवरचा सराव सहसा २००० मीटरच्या वर आणि तीन-चार आठवडे करतात, केनियातलं इटेन हे धावपटूंच्या सरावाचं गाव सुमारे २४०० मीटरवर आहे. थंड हवेत धावणं सोपं वाटतं, तो गारव्याचा परिणाम. लेहला, ३५०० मीटरवर गेलात तर पहिले दोन दिवस धावूच नका.

राहिलं ‘भरून काढा’. या मजकुरातला सर्वांत वाईट सल्ला हाच. सुटलेले चाळीस किलोमीटर पुढच्या आठवड्यात कोंबले की दम साथ देतो, पण नडगी आणि टाचेमागची शीर देत नाही, कारण हाडं आणि शिरा फुप्फुसांपेक्षा फार सावकाश तयार होतात. सुटलं ते सोडून द्या. परतल्यावर पहिले दोन-तीन दिवस सावकाश धावा, त्या रविवारचा लाँग रन सुट्टीआधीच्या शेवटच्या लाँग रनपेक्षा मोठा करू नका, आणि अंतर वाढवायचं ते त्याच्या पुढच्या रविवारी.