दाढेच्या किडीचं सुधारित लागवड तंत्र

कापसावर बोंडअळी दिसली की आपण त्याच दिवशी फवारणीचा पंप पाठीला लावतो. दाढेवर काळा ठिपका दिसला तर मात्र घाई करू नये. ठिपका म्हणजे नुकतंच उगवलेलं रोप. त्याला वेळ द्यावा, दिवसातून पाच वेळा गोड चहा द्यावा आणि हाताशी मोबाइल ठेवावा. आधीच्या पिढीनं नुसत्या दुर्लक्षावर दाढा घालवल्या. आपल्याला त्याच दाढा उपचार चालू असल्याच्या समाधानात घालवता येतात.

सुरुवातीला थंड पाणी लागलं की कळ येते आणि लगेच जाते. हा धोक्याचा काळ! आत्ता कोणी सिमेंट भरलं तर एकाच खेपेत, अर्ध्या तासात विषय मिटतो आणि पीक हातचं जातं. म्हणून तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात दातांचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात, याची चौकशी करू नका. टॉर्च लावून दाढेचा फोटो काढा आणि पुण्यातल्या भाच्याला पाठवा. दोन दाढांच्या फटीतली कीड फोटोत येत नाही, तिला एक्स-रे लागतो. दाढ आरशाच्या दांड्यानं ठोकूनही बघावी लागते, आणि व्हिडिओ कॉलवरून ठोकायची सोय अजून निघालेली नाही. ई-संजीवनी या सरकारी व्हिडिओ-ओपीडीवरच्या डॉक्टरांनी ‘प्रत्यक्ष दाखवा’ असं लिहून दिलं तर ती ओळ सोडा आणि खालच्या गोळ्या तेवढ्या वाचा.

दुसरा टप्पा रात्रीच्या ठणक्याचा. यासाठी व्हिडिओ भरपूर आहेत. लवंगेचं तेल तासभर आराम देतं, कीड जागची हलत नाही. वेदनेची गोळी चुरून हिरडीवर दाबली तर हिरडी भाजून पांढरी पडते, म्हणजे एकाऐवजी दोन दुखणी. मिश्री लावली तर तंबाखूचा आंतरपीक म्हणून लाभ. पुढे एक दिवस ठणका आपोआप थांबतो. व्हिडिओखाली ‘गुण आला’ असं लिहायची हीच वेळ, कारण तेव्हा बहुधा दाढेची नस मेलेली असते. आता पू निवांतपणे मुळाशी साचेल.

(चेष्टा क्षणभर बाजूला. सूज जबड्याखाली उतरली, तोंड उघडेना, थुंकी गिळता येईना, ताप चढला, तर त्याच रात्री जिल्हा रुग्णालय गाठायचं. सकाळच्या एसटीची वाट बघायची नाही.)

सूज जरा उतरली की कार्डं काढावीत. आभाचा १४ अंकी क्रमांक ही तुमच्या आरोग्याच्या नोंदींची ओळख, त्यात पैसे नसतात. आयुष्मान कार्ड वेगळं, त्यावर पाच लाखांपर्यंतचे उपचार, पण ते प्रामुख्यानं भरती होण्याच्या आजारांसाठी. दाढ भरणं आणि रूट कॅनल त्यात बसत नाही. अपघातात जबडा मोडला तर गोष्ट निराळी, पण दाढेपायी जबडा मोडून घ्या इतका टोकाचा सल्ला आम्ही देणार नाही. पाच लाखांचं कार्ड खिशात घेऊन काही शे रुपयांच्या सिमेंटसाठी उसनवारी करणं, हीच खरी डिजिटल प्रगती. कार्डासाठी ओटीपी लागतो. तो ज्या नंबरवर जातो ते सिम जावयाच्या फोनमध्ये असावं आणि जावई चाकणला कंपनीत असावा. क्यूआर कोड स्कॅन करून केसपेपर काढायची सोय दिसली तर रेंज शोधत फाटकाबाहेर जा. शेजारच्या खिडकीत हातानंही केसपेपर मिळतो का, हे विचारू नका.

छत्रपती संभाजीनगरला घाटी रुग्णालयाजवळ १९८२ पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे. लातूर-नांदेडला खासगी दंत महाविद्यालयं आहेत, तिथंही शिकणारी मुलं शिक्षकांच्या देखरेखीखाली बाजारापेक्षा स्वस्तात काम करतात. एवढं की वेळ लागतो आणि खेपा होतात. या वाक्याकडे दुर्लक्ष करावं.

रूट कॅनलचं वेळापत्रक मोसम बघून ठरवावं. दाढेत बहुधा तीन-चार नळ्या असतात. त्या साफ करून भरायला दोन-तीन खेपा, मग दाढेवर टोपी (कॅप). मधल्या काळात तात्पुरती भरलेली पांढरी लांबी (पुट्टी) काही आठवडेच टिकते, नंतर कडेनं झिरपते. तेव्हा पहिली खेप साखर कारखान्याच्या ऊसतोडीच्या बोलावण्याआधी आठ दिवस घ्यावी. ठणका थांबतो, बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढतं आणि पुढच्या तारखेचा इंग्रजी मेसेज बीडच्या रिकाम्या घराकडे न जाता थेट कर्नाटकातल्या फडात येऊन पडतो. आतून पोकळ, वरून टोपी नाही, अशी दाढ उसाचं कांडं सोलताना उभी चिरते. मुळापर्यंत चिरली की भरायचा प्रश्नच उरत नाही.

पैशाची काळजी नसावी. आपल्याकडे उचल घेऊन अंगावर फेडायची रीत जुनीच, आता तिला ईएमआय म्हणतात आणि मुकादम मोबाइलमध्ये बसतो. ‘बिनव्याजी’ हप्त्यात प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा जीएसटी कुठे आहे ते बघू नका, रोख दिल्यावर किती कमी होतील हेही विचारू नका. तुमची दाढ भिंतीवरच्या टीव्हीवर खरबुजाएवढी दाखवतील. त्या भरात झिरकोनियाची (दातासारख्या पांढऱ्या सिरॅमिकची) टोपी निवडा. मागच्या दाढेला साधी धातूची टोपी स्वस्त पडते, दाढ कमी कोरावी लागते आणि चावायला दणकट असते, पण ती सेल्फीत येत नाही. दाढ कोरायचं, मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेणारं हत्यार हवेच्या दाबावर चालतं, म्हणजे कॉम्प्रेसर आला, म्हणजे वीज आली. लाइट गेली की छोट्या इन्व्हर्टरवर टीव्ही चालतो, कॉम्प्रेसर ओढत नाही. टीव्ही बघत बसा.

एका तंत्रज्ञानापासून मात्र जपा. चमच्यासारख्या हत्यारानं मऊ कीड खरवडायची, ग्लास आयोनोमर सिमेंट भरायचं आणि बोटानं दाबायचं. वीज नको, ड्रिल नको, शाळेच्या बाकावरही होतं. दुसरं सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड: किडीला एखादा थेंब लावायचा, बऱ्याचदा कीड आहे तिथंच थांबते, डाग तेवढा काळा पडतो. दोन्ही वस्तू जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, फ्लोराइडची पेस्टही आहे. गावात याची मागणी केलीत तर पिढ्यान्‌पिढ्यांचं बियाणं बुडेल. सुदैवानं याला ना ॲप आहे ना हप्ता, त्यामुळे जाहिरात तुमच्यापर्यंत येणार नाही.

किनवटकडच्या बोअरच्या पाण्यानं दात तपकिरी झाले असतील तर ती कीड नव्हे, पाण्यातलं जादा फ्लोराइड आहे. तरी ऑनलाइन चमकपट्ट्या मागवा आणि पाणी उकळून प्या. उकळल्यानं फ्लोराइड जात नाही, आटलेल्या पाण्यात उलट दाट होतं.

शेवटी काढणी. ही सोपी: एक इंजेक्शन, एक चिमटा. कापूस अर्धा तास दाबून धरा. त्या दिवशी गुळणी नको, नळीनं ओढून पिणं नको, तंबाखू तर नकोच. रक्ताची गाठ निघाली की हाड उघडं पडतं आणि तिसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा मोठा ठणका लागतो. तोंडात कापूस असल्यानं बोलता येत नाही, म्हणून मोबाइल बघा. एव्हाना इम्प्लांटची जाहिरात आलेली असेल. तीही बघून झाली की शेजारच्या दाढेवर जीभ फिरवा. काहीतरी खरखरतंय ना? टॉर्च लावा, फोटो काढा.