‘कार्ड बदला, फ्रेम दुप्पट’ : या फॉरवर्डला उत्तर

गेले दोन महिने एक फॉरवर्ड फिरतोय. आमच्या नाशिकच्या सिमवाल्यांच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर फ्लाइट सिम्युलेटरमध्ये विमान उडवणाऱ्यांच्या, ग्रुपवर तर तो तीनदा येऊन गेला, दर वेळी नवे इमोजी चिकटवून. मजकूर थोडक्यात असा : फ्लाइट सिम्युलेटर अडखळतंय? दोष ग्राफिक्स कार्डाचा, म्हणजे पडद्यावरचं चित्र काढणाऱ्या भागाचा. पुरावा विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये बघा, सीपीयू (प्रोसेसर) तीस टक्केच चाललाय. तेव्हा नवं कार्ड घ्या, रॅम ६४ जीबी करा, एसएसडी टाका, नेट वाढवा; फ्रेम (दर सेकंदाला पडद्यावर उमटणारी चित्रं) दुप्पट. आणि ६० फ्रेम मिळत नसतील तर सिम उडवूच नका.

आधी तो पुरावा बघू, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. सहा कोर, बारा थ्रेडचा, म्हणजे एका वेळी बारा कामं ओढणारा, प्रोसेसर घ्या. त्यातला एक थ्रेड पूर्ण पिळून निघाला तरी टास्क मॅनेजर एकूण आकड्यात जेमतेम आठ टक्के दाखवतो. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये बरंचसं काम मेन थ्रेड नावाच्या एकाच रांगेतून जातं. पंगतीत बारा वाढपी उभे आहेत, पण हंड्यातून भात काढून देणारा आचारी एकच. अकरा जण हात बांधून उभे, म्हणून स्वयंपाकघराला ‘तीस टक्केच काम आहे’ म्हणायचं का? एकूण टक्का सोडा, एकेका थ्रेडचा आलेख उघडा. बऱ्याचदा त्यातला एखादा बाकीच्यांपेक्षा खूप वर चढलेला दिसतो.

आता कार्डाबद्दल. सिडकोत राहणाऱ्या माझ्या आतेभावाने हा फॉरवर्ड वाचला आणि दुकानदारानेही तेच सांगितलं म्हणून तीस हजारांचं आरटीएक्स ४०६० घेतलं. जुनं कार्ड १६६० सुपर, प्रोसेसर रायझन ५ ३६००, मॉनिटर साधा १०८०पी. आमची नेहमीची फेरी म्हणजे ओझरहून ए३२० हे एअरबसचं प्रवासी विमान उडवायचं, कसारा ओलांडायचा आणि मुंबईला २७ नंबरच्या धावपट्टीवर उतरायचं. जुन्या कार्डावर उतरताना सत्तावीस फ्रेम यायच्या. नवं कार्ड बसवलं, मी शेजारी चहा घेऊन बसलेलो. पवईच्या आसपास आल्यावर पोरगं माझ्याकडे वळून म्हणालं, “दादा, अठ्ठावीसच रे!”

मग सिममधला डेव्हलपर मोड चालू करून एफपीएसची, म्हणजे दर सेकंदाच्या फ्रेम मोजणारी, चौकट उघडली. तिथे स्पष्ट लिहिलं होतं : लिमिटेड बाय मेनथ्रेड. म्हणजे कार्ड रिकामं बसून प्रोसेसरची वाट बघतंय. गंमत म्हणजे त्याच मशीनवर निफाडच्या द्राक्षबागांवरून जाताना फ्रेम पन्नासच्या वर होत्या. बागांवर ना इमारती, ना विमानांची गर्दी. मुंबईत लाखो इमारती आणि इतर विमानं, वर ए३२०च्या यंत्रणांचं गणित. हा सगळा भार त्या एकट्या आचाऱ्यावर.

एक पैसा खर्च न करता हे कुणालाही तपासता येतं. अडखळतं तिथेच विमान थांबवा आणि सेटिंगमधलं रेंडर स्केलिंग (चित्र किती बारकाईने काढायचं ते) १०० वरून ५० वर आणा, म्हणजे कार्डाचं काम हलकं होतं. चित्र धूसर होईल, होऊ द्या. फ्रेम जागच्या हलल्या नाहीत तर कार्ड निर्दोष आहे. चांगल्या वाढल्या तर फॉरवर्डवाल्याचं बरोबर. आणि तो काही वेळा बरोबर असतोच : १०८०पीच्या पडद्यावर सुमारे २१ लाख पिक्सेल, फोरकेवर ८३ लाख. फोरके किंवा व्हीआरवाल्याला (डोळ्यांवर पडदा चढवून उडवणाऱ्याला) मोठं कार्ड लागतंच, त्याबद्दल वाद नाही.

आतेभावाचा प्रश्न सुटला तो आधी फुकटात, मग थोड्या पैशांत. टेरेन लेव्हल ऑफ डिटेल (जमीन किती दूरपर्यंत तपशिलात दाखवायची ते) २०० वरून १०० वर आणलं, इतर विमानांचं ट्रॅफिक निम्मं केलं; मुंबई तेहतिसावर आली. नंतर त्याच बी४५० मदरबोर्डाचं बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून रायझन ७ ५७००एक्स३डी हा प्रोसेसर बसवला. ३६००मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली, चटकन हाताशी येणारी मेमरी) ३२ एमबी, याच्यात ९६, आणि हे सिम कॅशचं फार भुकेलं. चाळिशी पार झाली. कार्ड परत करता आलं नाही, दुकानदार ऐकेना.

रॅमचं लवकर उरकतो. २०२० च्या सिमला मायक्रोसॉफ्टची शिफारस १६ जीबीची होती, २०२४ च्या सिमला ३२ ची. तेवढी भरली की पुढची ३२ जीबी नुसती शोभेची. फ्रेम दुप्पट वगैरे काही होत नाही. त्यापेक्षा आहे ती रॅम कुठल्या वेगाने चालतेय ते बघा. माझी स्वतःची ३२०० ची जोडी वर्षभर २१३३ वर चालत होती, कारण बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करायला मीच विसरलो होतो. लोकांना सल्ले देणारा मी!

एसएसडी जरूर घ्या. सिम उघडायला लागणारा वेळ खूपच कमी होतो, डोंगर-इमारती उघडताना बसणारे हिसकेही कमी होतात. पण मुंबईवरच्या सत्तावीस फ्रेम सत्तावीसच राहतात. नेटचंही तसंच. जमिनीचं चित्र सर्व्हरवरून येतं, त्यामुळे नेट मंदावलं की अंजनेरी वितळलेल्या गुळाच्या ढेपेसारखी दिसते. दिसायला वाईट, पण फ्रेम त्याने फारशा पडत नाहीत.

फॉरवर्डमध्ये नाशिकच्या मे महिन्याचा मात्र पत्ताच नाही. कॉम्प्युटर टेबलाच्या बंद लाकडी कप्प्यात कॅबिनेट कोंबून दुपारी उडवायला बसलात तर प्रोसेसर आणि कार्ड दोघंही तापून वेग कमी करतात. कप्प्याची मागची फळी काढा, धूळ झटका.

राहिला ६० चा हट्ट. गोळीबाराच्या खेळात ६० लागतात, मान्य. विमान उतरवताना पंचवीस ते पंचेचाळीस असं हेलकावणाऱ्या फ्रेमपेक्षा तीसवर बांधलेल्या फ्रेम डोळ्यांना जास्त सुखाच्या वाटतात. आतेभावाने चाळीस मिळत असूनही तीसवर कुलूप लावलंय. मागच्या रविवारी मिसळ खाऊन आल्यावर त्याने २७ नंबरवर इतकं अलगद टेकवलं की मला चाकं लागल्याचं आवाजावरूनच कळलं.