वावर विकण्याचा सल्ला का दिला : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

'खाजगी कर्ज डोक्यावर असेल तर थोडी जमीन विकून मोकळे व्हा,' असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर रेणापूरहून तुम्ही लिहिलंत की शहरात बसून शेतकऱ्याला वावर विकायला सांगणं सोपं असतं, गेलेली जमीन परत येत नाही, कर्जमाफीची वाट बघावी. शिवाय विक्रीच्या पैशावर इन्कम टॅक्स लागेल, आणि ज्या उत्पन्नावर टॅक्सच नाही त्याचा हिशेब लिहायचा कशाला? शेवटी विचारलंत, सातबारा तिघा भावांचा सामाईक आहे, विकायचं तरी कसं?

गेलेली जमीन परत येत नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. म्हणून तर ती किती जावी आणि काय भावाने जावी, हे तुमच्या हातात असताना ठरवा असं मी म्हणतो. चार लाख रुपये शेकडा तीनने घेतले तर महिन्याचं व्याज 12,000, वर्षाचं 1,44,000. पाच एकर सोयाबीन, एकरी आठ क्विंटल धरा. 40 क्विंटलला मोंढ्यात, म्हणजे बाजार समितीत, 4,500 चा भाव मिळाला तर हातात 1,80,000. 2025-26 च्या हंगामाचा हमीभाव 5,328 होता, पण सरकारी खरेदी केंद्रावर नंबर लागेपर्यंत घरात माल ठेवायची ऐपत ज्याच्यावर व्याज चढतंय त्याला कुठली? बी, खत, फवारणी, काढणी, मळणी मिळून एकरी 20,000 धरले तर उरतात 80,000. म्हणजे सगळं साधलं तरी नुसतं व्याज भागायला 64,000 कमी पडतात. घरखर्च अजून धरलेलाच नाही. हरभऱ्याने थोडा हात दिला तरी मुद्दल तसंच राहतं. सप्टेंबर 2025 सारखी अतिवृष्टी झाली तर काय होतं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

मग एके दिवशी सावकार म्हणतो, खरेदीखत करून द्या, पैसे फिटले की पलटवून देतो. दस्तावर 'गहाण' हा शब्द कुठेच नसतो. मोबदला पूर्ण पोचल्याचं लिहिलेलं असतं, ताबा दिल्याचंही लिहिलेलं असतं, आणि पेरणी मात्र आपणच करत असतो. परत देण्याचा शब्द फक्त तोंडी. दोन वर्षांनी फेरफार होऊन सातबाऱ्यावर सावकाराचं नाव लागलेलं दिसतं तेव्हा चार लाखांपायी अख्खं रान गेलेलं असतं. एकराला 10 लाखांचा भाव असेल तर 20 गुंठ्यांत हेच कर्ज फिटलं असतं. (जिरायतीत 20 गुंठ्यांपेक्षा लहान तुकड्याचा व्यवहार सहसा होत नाही, म्हणून तोच आकडा घेतला.)

ज्यांची जमीन अशी गेली आहे त्यांनीही हातपाय गाळू नयेत. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 खाली, सावकारीच्या व्यवहारातून 15 वर्षांच्या आत गेलेल्या जमिनीसाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. चौकशीत ती सावकारी ठरली तर जमीन परत देण्याचा आदेश होऊ शकतो. पण तिथे पुरावा मागतात. आता हिशेब कशाला लिहायचा ते बघा. कोणत्या तारखेला किती व्याज दिलं, फोनपेवर की रोख, कोणासमोर दिलं, हे वहीत असलेल्या माणसाचं म्हणणं तिथे टिकतं. मोंढ्याची पट्टी, म्हणजे माल विकल्याची हिशेबाची पावतीसुद्धा जपून ठेवा. वजन, भाव, हमाली, तोलाई आणि आडत्याने कापून घेतलेली उचल (आधी घेतलेले आगाऊ पैसे) त्यावर असते. उचलीवर किती व्याज लावलं ते बहुतेकांना पट्टी नीट वाचल्यावरच कळतं.

कर्जमाफीची आशा मी समजू शकतो. पण 2017 ची दीड लाखांपर्यंतची आणि 2019 ची दोन लाखांपर्यंतची, दोन्ही योजना बँक-सोसायटीच्या कर्जासाठी होत्या. हातउसन्याला त्यात जागा नव्हती. उलट सोसायटीचं तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं तर व्याज शून्य पडतं. इतका स्वस्त पैसा थकवायचा आणि शेकडा तीनचा फेडत बसायचं, हे बघून जीव तुटतो. मार्चअखेर नवं-जुनं करायला, म्हणजे सोसायटीचं जुनं कर्ज भरून नवं उचलायला, आठ दिवसांसाठी आडत्याकडून पैसे उचलता ना, ते आठ दिवस महिन्यांवर जाऊ देऊ नका.

टॅक्सचं म्हणाल तर ग्रामीण शेतजमीन विकून झालेल्या नफ्यावर इन्कम टॅक्स नाही. 'ग्रामीण' ठरतं ते जवळच्या नगरपालिकेच्या किंवा महापालिकेच्या हद्दीपासूनच्या सरळ अंतरावर, रस्त्याच्या अंतरावर नव्हे. लातूर, नांदेडसारख्या शहरांपासून 6 किलोमीटर, दहा लाखांवर लोकसंख्येच्या छत्रपती संभाजीनगरपासून 8, औशासारख्या नगरपरिषदेपासून 2. त्याच्या आतली जमीन असेल तर कर लागू शकतो. दोन वर्षं ती कसत असाल आणि विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली, तर त्यातूनही सूट मिळते. मात्र पैसे बँकेतूनच घ्या. जमीन घेणारा व्यापारी असेल आणि इसार किंवा मोबदला 20,000 किंवा त्याहून जास्त रोखीने घेतलात, तर तितकाच दंड पैसे घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला होऊ शकतो.

आता सामाईक सातबारा. तिघांची संमती असेल तर तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली वाटणी करून घ्या, आपला हिस्सा वेगळा करा आणि मग विक्रीचं बोला. बहिणी आहेत का, ते तुम्ही लिहिलं नाही. वडिलोपार्जित जमिनीत 2005 च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, आणि वडील त्याआधी वारले असले तरी तो लागू आहे, असं सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केलंय. दिवाळीला माहेरी आलेल्या बहिणीपुढे हक्कसोडाचा कागद सरकवू नका. कर्ज किती, विक्री कितीची, तिचा हिस्सा किती, हे तिला आकड्यांत सांगा. ती घेईल किंवा सोडेल. सोडला तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच करा, साध्या स्टॅम्पवरच्या सहीवर समंजस खरेदीदार पैसे देणार नाही.