आधी पाडू, मग बघू

नौपाड्यातली आमची सोसायटी सोळा बिऱ्हाडांची, तळमजला अधिक तीन. पुनर्विकासाच्या बैठका गेली तीन वर्षं चालू आहेत आणि प्रत्येक बैठकीत अकरा नंबरचे काका टेबलावर हात आपटून म्हणतात, "नव्याचा पत्ता नाही आणि जुनं पाडायला निघालेत!"

मी ऐरोलीला एका कंपनीत पायथन, म्हणजे प्रोग्रॅमची एक भाषा, लिहितो. हे एकदा जिन्यात बोलून गेलो आणि मेंटेनन्सचा हिशेब माझ्या गळ्यात पडला. (आठ नंबरच्या आजींची अजूनही समजूत आहे की मी सर्पमित्र आहे. पावसाळ्यात दोनदा बोलावणं येऊन गेलं.)

प्रोग्रॅम चाळीस ओळींचा. थकबाकीची फाइल वाचायची, व्याज लावायचं, त्याच फाइलीत परत लिहायचं. वार्षिक सभेच्या आदल्या रात्री, सोसायटीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर तो चालवला आणि मध्येच 'व्हॅल्यू एरर' म्हणून आडवा झाला. कारण काय, तर मॅनेजरनी काकांच्या नावापुढे हौसेने स्वल्पविराम देऊन 18,500 लिहिलं होतं. पायथनला स्वल्पविरामवाला आकडा आकडा वाटतच नाही. ठीक आहे, स्वल्पविराम काढू, पुन्हा चालवू, म्हणून फाइल उघडली. एक ते दहा नंबर जागच्या जागी. अकरा ते सोळा नाहीतच! सहा बिऱ्हाडांची थकबाकी माफ.

हे मला माहीत नव्हतं म्हणावं तर तसंही नाही. ऑफिसात नव्या पोरांना मीच ऐकवतो, की बाबांनो, फाइल 'डब्ल्यू' लावून, म्हणजे लिहिण्यासाठी म्हणून, उघडलीत की त्याच क्षणी आतलं सगळं पुसलं जातं. तुम्ही अजून एक अक्षर लिहिलेलं नसतं, तरी. मग लिहिता लिहिता प्रोग्रॅम कोसळला, की जेवढं लिहून झालं तेवढंच तुमचं. म्हणजे बिल्डरने आधी बिल्डिंग पाडायची आणि मग ढिगाऱ्यावर बसून प्लॅन काढायचा. घरच्या प्रोग्रॅमला कशाला एवढे सोपस्कार, असं म्हणणारा मीच, आणि रात्री अडीच वाजेपर्यंत पावतीपुस्तकं उलटून सहा जणांचा हिशेब पुन्हा मांडणाराही मीच.

सभा पार पडली. पुढच्या रविवारी शहाण्यासारखा बसलो. जुन्या फाइलीला हात लावायचा नाही, नवा हिशेब आधी एका तात्पुरत्या फाइलीत पुरा लिहायचा आणि मग तिला जुनीचं नाव देऊन टाकायचं. लिनक्सवर, म्हणजे सोसायटीच्या कॉम्प्युटरवर जी सिस्टिम आहे तिच्यावर, ही नावाची अदलाबदल एका दमात होते. बघणाऱ्याला एक तर पूर्ण जुनी फाइल दिसते, नाही तर पूर्ण नवी. अर्धवट बांधकाम दिसतच नाही. पायथनमध्ये यासाठी 2012 सालच्या 3.3 आवृत्तीपासून 'ओएस.रिप्लेस' ही आज्ञा आहे. त्याआधीचं 'ओएस.रिनेम' विंडोजवर, त्या नावाची फाइल आधीच असेल तर, अडून बसतं.

चालवलं. 'इन्व्हॅलिड क्रॉस-डिव्हाइस लिंक'! तात्पुरती फाइल मी सिस्टिमच्या 'टेम्प' फोल्डरात केली होती, आणि आमच्या कॉम्प्युटरवर तो फोल्डर डिस्कवर नाही, मेमरीत राहतो. नाव बदलणं एकाच फाइलसिस्टिमच्या, म्हणजे फाइली ठेवायच्या एकाच कप्प्याच्या, आत चालतं. बाहेरून आणायचं तर सगळं सामान टेम्पोत भरून आणावं लागतं, आणि टेम्पो वाटेत बंद पडला की पुन्हा अर्ध सामान रस्त्यावर. तेव्हा तात्पुरतं घर त्याच गल्लीत हवं. ही अट आमच्या पुनर्विकासाच्या मसुद्यात पहिल्या पानावर आहे. ती मीच लिहिली आहे.

शिवाय 'एफसिंक' ही आणखी एक आज्ञा. लिहून झालं असं प्रोग्रॅम म्हणतो खरा, पण मजकूर अजून मेमरीतच रेंगाळत असू शकतो. आमचा वॉचमन "सांगितलं साहेब" म्हणतो, तितपतच खरं. डिस्कवर खरोखर पोचवून मगच नाव बदलायचं, कारण सोसायटीच्या ऑफिसातला यूपीएस दोन वर्षं मेलेला आहे आणि नव्यासाठी तीन कोटेशनं लागतात. दोन आली आहेत.

एवढं केलं आणि सोमवारी निर्धास्त कामावर निघालो. गाडी दिघा गावला असताना मॅनेजरचा फोन.

"साहेब, फाइल उघडत नाही. परमिशन नाही म्हणते."

तात्पुरती फाइल मी पायथनच्या 'एमकेएसटेम्प'ने करत होतो, आणि त्याने केलेली फाइल फक्त करणाऱ्यालाच वाचता-लिहिता येते. सुरक्षेसाठी ते योग्यच आहे. पण नाव बदललं तरी कुलूप तेच राहतं. नवी इमारत उभी, किल्ली एकट्या माझ्या खिशात, आणि मी गाडीत उभा. संध्याकाळी येऊन जुन्या फाइलीच्या परवानग्या नवीला देण्याची ओळ घातली, तेव्हा कुठे मॅनेजर घरी गेले.

त्याच रात्री जिन्यात काका भेटले. आदल्या आठवड्यातली गोष्ट त्यांच्या कानावर गेलीच होती. मी उत्साहाने त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितलं, की आता नवं पूर्ण उभं राहिल्याशिवाय जुनं पाडत नाही.

काकांनी चष्मा पुसला. "म्हणजे माझे साडेअठरा हजार?"

"आहेत ना, काका. व्याजासकट."

"मग ती आधीची पद्धत," काका आवाज उतरवून म्हणाले, "तशी काय वाईट होती रे?"